वाचवलेल्या घोड्यानं शेवटी जिंकलंच पाहिजे का?

नदीपात्रातला

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात एका मैत्रिणीनं तिच्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून संपवलं. तिला विचारूनच इथे मांडतोय, कारण त्या दिवशी चहा दोनदा झाला तरी वाद काही मिटला नाही.

गोष्ट अशी. 12 जुलै 1961, पुण्यातला पानशेतचा पूर. ओंकारेश्वराजवळच्या एका टांगेवाल्याचा तबेला वाहून जातो. दुसऱ्या दिवशी पडक्या वाड्याच्या चिखलात त्याचा घोडा सापडतो, मोडक्या टांग्याच्या दांड्यांत अडकलेला, छातीला जखम. घोड्याचं नाव बत्ताशा, कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून. टांगा गेला म्हणजे पोट गेलं, त्यामुळे मालक त्याला विकायला निघतो. कॅम्पातला एक निवृत्त रिसालदार त्याला विकत घेतो आणि टांगेवाल्याच्या पोरालाच मोतद्दार म्हणून, म्हणजे घोड्याची निगा राखायला ठेवतो. चार वर्षांनी तोच पोरगा बत्ताशावर बसून लष्करी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेत पहिला येतो.

इथपर्यंतही मी गप्प बसलो असतो. पण शेवटच्या प्रकरणात रेसकोर्सच्या एका जुन्या वहीतल्या खुणा जुळतात आणि कळतं की बत्ताशा टांग्याचा घोडा नव्हताच, उंची खानदानाचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा होता! म्हणजे जत्रेत हरवलेला राजपुत्र, गळ्यातल्या लॉकेटसकट.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला चिखलातून ओढून काढलं त्यानं पुढे कप आणून दाखवायचा, आणि तेवढ्यानंही भागत नाही म्हणून वर चांगलं रक्तही दाखवायचं, ही त्याच्याकडून वसुली झाली. तो नुसता जगला असता तर कादंबरी झाली नसती का?

जुनी_कात्रणं

वसुली वगैरे शब्द छान आहेत, पण असं खरंच घडलेलं आहे. 1956 साली अमेरिकेत हॅरी डी लेयर नावाच्या डच माणसानं कत्तलखान्याकडे निघालेल्या ट्रकमधून एक पांढरट घोडा 80 डॉलरला उतरवून घेतला. नांगराला जुंपलेलं जनावर. नाव ठेवलं स्नोमॅन. पुढे शेजाऱ्याला विकला, तर हा गडी कुंपणं ओलांडून रोज परत घरी! तेव्हा मालकाला कळलं की याच्यात काय आहे. 1958 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो उड्यांचा विजेता ठरला, 1959 मध्ये पुन्हा. आणि स्नोमॅनच्या बाबतीत शेवटी कुठली वहीबिही निघाली नाही. नांगराचा तो नांगराचाच राहिला.

म्हणून जिंकण्याला माझी हरकत नाही. वहीला आहे.

पागेतला

मी सात वर्षं घोड्यांच्या तबेल्यात काम केलंय, शिकवलंही आहे. जिंकला की हरला ते राहू द्या, घोडं अडतंय ते आधीच.

टांग्याच्या घोड्याची सगळी शिकवण दुडकीची. तो कँटरला, म्हणजे दुडकीच्या पुढच्या संथ दौडीला उठला की टांगा हिंदकळतो, सवारी ओरडते, मग चाबूक. म्हणजे वर्षानुवर्षं त्याला जे करू नको म्हणून मारलं, नेमकं तेच आता करायला सांगायचं. माझ्याकडे गाडीतून सोडवलेली एक घोडी आली होती. तिला कँटर मागितला की कान मागे आणि अख्खं अंग आखडायचं, फटका येणार म्हणून. नुसता पाय लावला तर दुडकीच जोरात, आणखी जोरात. तिचा पहिला सरळ कँटर मिळायला पाच महिने लागले, तोही तबेल्याकडे परतताना, चंदीच्या वेळेला. शिवाय झापडं लावून आयुष्य गेलेलं जनावर. झापडं काढली तर बाजूनं जाणारी सायकलसुद्धा तिला भूत वाटायची. उडी फार पुढची गोष्ट.

हे कादंबरीत आहे का? की रिसालदारसाहेबांनी मिशीला पीळ दिला आणि घोडा उडाला?

नदीपात्रातला

@पागेतला, दीड पान आहे. त्यातलं एक पान मिशीवर.

भीमथडीकर

मला वेगळीच खंत आहे. थरोब्रेडच का? पुणे जिल्ह्यातली गोष्ट, घोडा दाखवायचा तर भीमथडी तट्टू दाखवा ना! मराठ्यांच्या फौजा ज्यावर दौडल्या ती जात, आजही धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझं वाहत हिंडते. बुटकं, काटक, मिळेल ते खाणारं. आणि बुटकं म्हणजे उडी मारणार नाही असं समजू नका. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्ट्रोलर नावाच्या तट्टानं मोठ्या घोड्यांच्या रांगेत वैयक्तिक रौप्यपदक आणलं. उंची 14 हातांच्या जरा वर (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा), म्हणजे खांद्यापाशी माणसाच्या छातीइतका.

सदाशिव_पेठी_शंकेखोर

माझी शंका पाण्याची. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, म्हणजे शहराला पाणी देणारं धरणच रिकामं. माझी आई सांगायची, वाड्यातली विहीर उपसून गाळ काढला आणि पोरांना कळशी घेऊन रांगेत उभं केलं. घोडा दिवसाला 25-30 लिटर तरी पाणी पितो. जखमी घोड्याला त्या दिवसांत पाणी कोणी आणि कुठून दिलं? माणसांच्या रांगेत घोड्यासाठी बादली भरणारा टांगेवाला उभा करा, बघा काय प्रसंग होतो. शेजारीण काय बोलेल ते मीच लिहून देतो हवं तर.

कुलकर्णीबाई_लिहितात

नमस्कार. ती मैत्रीण मीच.

पाण्याची गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, धन्यवाद. तो प्रसंग घेणार. शेजारणीचे संवाद मात्र माझे मी लिहीन.

मिशीबद्दलचा टोला पोचला. पण जिंकण्याबद्दल मी मागे हटणार नाही. नदीपात्रातले म्हणतात नुसता जगू दे. जगण्याचा मोठेपणा त्यांना परवडतो हो. ज्याच्या घरातलं सगळं वाहून गेलंय, त्या चौदा वर्षांच्या पोराला एकदा तरी स्वच्छ फेरी मिळू दे ना, एकही दांडी न पाडता. दांडी पडली की चार फॉल्ट, हे तो बाहेर कठड्याला टेकून चार वर्षं मोजत आलाय. मी कप घोड्याला दिलेलाच नाही, त्या पोराला दिलाय.

जुनी_कात्रणं

मग बाई, तुमचा खरा अडसर घोड्याचा नाही, पोराचा आहे. मोतद्दारी करणाऱ्या पोराला त्या काळी अधिकाऱ्यांच्या रांगेत कोण उभं करणार होतं? 1948 च्या ऑलिंपिकमध्ये स्वीडननं ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) सांघिक सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं. का? त्यांच्या संघातला येनाल पेर्सन मुळात सार्जंट होता, आणि नियम होता फक्त कमिशन्ड अधिकाऱ्यांचा. स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती, ते उघडकीला आलं. घोडा नीट चालला, स्वार नीट बसला, खांद्यावरची फीत तेवढी चुकली! 1952 ला नियम सैल झाला आणि त्याच तिघांनी पुन्हा सुवर्ण आणलं. युरोपात ही तऱ्हा, तर आपल्या कॅम्पात काय असेल? ते दार पोराला कोणी उघडलं, यावर एक अख्खं प्रकरण हवं. तुम्ही ते रिसालदाराच्या एका चिठ्ठीत उरकलंय असं ऐकतो.

कुलकर्णीबाई_लिहितात

चिठ्ठीच आहे. ऐकीव माहिती बरोबर आहे तुमची.

पागेतला

बाई, आणखी एक. छातीची जखम आणि पुराचा चिखल म्हणजे धनुर्वात. घोड्याला तो फार लवकर धरतो. जबडा बसतो, शेपूट ताठ होते, पाय लाकडासारखे. इंजेक्शनचं दाखवा, नाहीतर बत्ताशा दुसऱ्या प्रकरणातच जाईल. आणि नदीपात्रातल्यांना जसा हवा होता तसा नुसता जगणारही नाही.

नदीपात्रातला

पोराचं म्हणणं पटलं, बाई. कप राहू दे. तरी ती वही फाडा. पोरगा जिंकला आणि मागून कळलं की घोडा मुळातच भारी होता, तर पोराची चार वर्षं पाण्यात. मुठेत घोडं न्हालं, एवढंच.

टांगेवाल्याचा_नातू

सगळं वाचत होतो, लिहिणार नव्हतो. वहीवरून राहवलं नाही.

माझ्या आजोबांच्या टांग्याला खरोखरच रेसमधून काढलेला घोडा होता. पुण्यात रेस पावसाळ्यात, मग घोडे मुंबईला. जे परत न्यायच्या लायकीचे राहत नाहीत, त्यातले काही असे कुठेतरी जुंपले जायचे. आमचा उजव्या पुढच्या पायानं किंचित लंगडा, उंच, तांबडा. चांगलं रक्त म्हणून घरात कौतुक वगैरे काही नव्हतं. उलट डोक्याला ताप. इतर घोडे तोबऱ्यातलं निमूट खायचे, हा अर्धं सांडायचा. पाऊस लागला की खोकायचा, रात्री आजी उठून त्याच्या पाठीवर पोतं टाकायची आणि आजोबांना शिव्या द्यायची.

आणि कॅम्पातून सवारी घेऊन रेसकोर्सच्या बाजूला वळलं की संपलं. कान टवकारून डोकं वर. आजोबा दोन्ही हातांनी लगाम ओढून मागे रेलायचे. एकदा नारायण पेठेतले एक मास्तर नव्या छत्रीसकट मागच्या मागे रस्त्यावर बसले. आजोबांनी पैसे घेतले नाहीत, तरी मास्तर दोन वर्षं बोलले नाहीत. त्यानंतर आजोबा तिकडची सवारीच नाकारायचे, चार आणे जास्त देतो म्हटलं तरी.

घोडा चांगल्या घरचा असतो तेव्हा असं असतं. वही ठेवा किंवा फाडा, पण कळल्यावर कोणाला आनंद झाला असं दाखवू नका.

कुलकर्णीबाई_लिहितात

हे वापरलं तर चालेल? छत्रीसकट?

टांगेवाल्याचा_नातू

वापरा. फक्त पेठ बदला, मास्तरांची मंडळी अजून तिथेच राहतात.