सॅन फ्रान्सिस्कोचा तह, १९५१: भारत गेला नाही ते बरोबर, की नुसताच बाणा?

दुर्बीण:
दुसऱ्या महायुद्धात जपान शरण आला १९४५ ला, पण त्याच्याशी शांततेचा तह व्हायला ८ सप्टेंबर १९५१ उजाडला. जपान धरून ४९ देशांनी सह्या केल्या. सोव्हिएत संघ, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया परिषदेला आले, पण सही न करताच परतले. चीनला बोलावणंच नव्हतं, कारण पेकिंगचं (आजचं बीजिंग) कम्युनिस्ट सरकार खरं की तैवानमधल्या तैपेईचं यावर अमेरिका-ब्रिटनचं जमेना. भारत, ब्रह्मदेश आणि युगोस्लाव्हिया आमंत्रण असूनही गेले नाहीत.

माझ्या मते नेहरूंचा निर्णय योग्य होता. कलम २ वाचा: जपान तैवानवरचा हक्क सोडतो, पण तो कुणाला जातो याचा उल्लेखच नाही. कलम ३ ने ओकिनावा हे जपानचं दक्षिणेकडचं बेट अमेरिकेच्या हाती. आणि त्याच दिवशी अमेरिकी फौजा जपानात ठेवणारा वेगळा करार, ज्यावर जपानकडून एकट्या पंतप्रधान योशिदांची सही. भारताचे आक्षेप नेमके याच तीन गोष्टींवर होते.

खडूसराव:
आक्षेप बिनतोड, पण पदरात काय पडलं? ओकिनावा सुटलं १९७२ ला, तेही आपल्यामुळे नाही. वर ९ जून १९५२ ला टोकियोत स्वतंत्र तह करून आपण युद्धातल्या नुकसानभरपाईचे सगळे दावे सोडले, भारतातली जप्त जपानी मालमत्ताही परत द्यायचं कबूल केलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहाने तर अशी मालमत्ता ठेवून घ्यायची मुभा दिली होती! सिलोननेही (आजचा श्रीलंका) भरपाई सोडली, पण त्यांचे अर्थमंत्री जयवर्धने सॅन फ्रान्सिस्कोला गेले, बुद्धवचन सांगून बोलले आणि जपानी लोकांच्या कायमचे लक्षात राहिले. सोडायचंच होतं तर चारचौघांत जाऊन सोडायचं.

तळटीप:
भरपाईचं गणित जरा उलगडून बघू. सॅन फ्रान्सिस्को तहाचं कलम १४ म्हणतं, जपानने भरपाई द्यायला हवी हे मान्य, पण सगळी देण्याची त्याची ऐपत नाही. म्हणून रोकड नाही, जपानी कामगारांचं श्रम-कौशल्य द्यायचं. वस्तू बनवायची असेल तर कच्चा माल मागणाऱ्याने पुरवायचा, म्हणजे जपानच्या परकीय चलनाला धक्का नाही. जहाजं बुडालेल्या बंदरांच्या देशाला हे वाचून काय वाटलं असेल!

फिलिपीन्सची मागणी ८०० कोटी डॉलरची. त्यांनी सही केली, पण सिनेटची मंजुरी अडवून धरली. मे १९५६ मध्ये ५५ कोटी डॉलरचा माल आणि सेवा, २० वर्षांत, असं ठरलं आणि जुलैत मंजुरी दिली. ब्रह्मदेश तर गेलाच नव्हता. त्याने १९५४ मध्येच १० वर्षांसाठी २० कोटी ठरवून घेतले, शिवाय इतरांशी काय ठरतं ते पाहून फेरविचाराची अट घातली. त्या अटीवर १९६३ मध्ये आणखी १४ कोटी काढले. बलुचाउंगचं जलविद्युत केंद्र याच भरपाईतलं.

थोडक्यात, न गेल्याने तोटा होतो हे खडूसरावांचं गृहीतक ब्रह्मदेशाला लागू पडत नाही.

खडूसराव:
मग माझाच मुद्दा सिद्ध झाला की. ब्रह्मदेशाने बाहेर राहून वसूल केलं, आपण बाहेर राहून सोडून दिलं. अंदमानवर १९४२ पासून जपानी ताबा होता. हम्फ्रीगंजला ३० जानेवारी १९४४ ला हेरगिरीच्या संशयावरून ४४ जणांना गोळ्या घातल्या. त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं का, सोडू का म्हणून?

दुर्बीण:
हा प्रश्न रास्त आहे, नेहरूंच्या बाजूने याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो भरपाईचा प्रश्न झाला, हजेरीचा नाही. स्वतंत्र तहात प्रदेशांची कलमंच नाहीत, त्यामुळे ओकिनावाच्या कागदावर भारताची सही नाही. हे पदरात पडलंच.

मीठभाकर:
सगळे दिल्लीवरच भांडताय. खुद्द जपानात बघा. २६ ऑक्टोबर १९५१ ला कनिष्ठ सभागृहात तह ३०७ विरुद्ध ४७ ने मंजूर, पण अमेरिकी फौजा ठेवणारा तो संरक्षण करार २८९ विरुद्ध ७१ ने. याच वादात समाजवादी पक्षाची दोन शकलं झाली. उजवा गट म्हणे तह चालेल, करार नको. डाव्याला दोन्ही नकोत. तह अमलात आला २८ एप्रिल १९५२ ला. टोकियोत तो सार्वभौमत्व परत मिळाल्याचा दिवस, ओकिनावात मात्र त्याला आजही 'अपमानाचा दिवस' म्हणतात.