मदत हवी आहे: सगळे राउंड झाले, ऑफर लेटर कुठे अडतं?

नमस्कार मंडळी. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेक्निकल, मॅनेजर, एचआर असे सगळे राउंड पार पडले, पगाराचंही बोलणं झालं. आता फोन केला की एकच उत्तर, ‘अप्रूव्हल पेंडिंग’. म्हणजे नक्की कोणाकडे? फायनान्सकडे, की क्लायंटचा होकार येईपर्यंत मला नुसतं राखून ठेवलंय? (सॅलरी स्लिपा मात्र पुन्हा पुन्हा मागून घेतात!) माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा. लेखी ऑफर हातात नसताना राजीनामा द्यायची हिंमत होत नाही आणि रिक्रूटर म्हणतो, ‘आधी पेपर टाका, मग प्रोसेस हलेल.’ एचआरमधल्या कोणी सांगेल का, हे खरं असतं? रिक्रूटरला वगळून थेट हायरिंग मॅनेजरला मेल केला तर चालतं, की उलट नाव खराब होतं?