१९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेत भारतासाठी ६० तास का ठरले, आणि त्याचा आज काय अर्थ?

श्रमाभ्यास

कामगार कायद्याच्या अभ्यासवर्गासाठी टिपण करतो आहे, त्यात एके ठिकाणी गाडी अडली. बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं की आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा १९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने ठरवला आणि भारताने त्या कन्व्हेन्शनला (म्हणजे देशांनी स्वीकारायच्या आंतरराष्ट्रीय कराराला) १९२१ मध्ये अनुमोदन दिलं. पण लगेच पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याला ६० तास दिसतात. हा सरळ भंग होता का? की मधलं काही माझ्या नजरेतून सुटतंय?

दुसरं, त्याआधीच्या बर्लिन आणि बर्न परिषदांची नावं येतात. त्यांतून हाती काही लागलं का?

तिसरं, आज एखादं राज्य दिवसाची मर्यादा १२ तासांवर न्यायला निघालं की पत्रकांत "आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) कन्व्हेन्शन क्र. १ चा भंग" असं हमखास येतं, म्हणजे वॉशिंग्टनच्या याच कन्व्हेन्शनचा. हा मुद्दा टिकतो का?

दप्तरदार

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे रोज नुकसान होतंय. नुसत्या क्र. १ वर उभा केलेला मुद्दा टिकत नाही.

कन्व्हेन्शन क्र. १ चं कलम २ वाचून लोक थांबतात. त्यात ८ तास दिवसाला, ४८ आठवड्याला हे आहेच. पण पुढे कलम ९ जपानसाठी, कलम १० ब्रिटिश हिंदुस्थानसाठी आणि कलम ११ चीन, पर्शिया व सयामसाठी आहे. कलम १० मध्ये म्हटलंय की हिंदुस्थानात फॅक्टरी कायद्याखाली येणारे उद्योग, खाणी आणि सरकार ठरवील त्या रेल्वेच्या शाखा यांत ६० तासांच्या आठवड्याचं तत्त्व स्वीकारावं. अधिक वेळ काम घ्यायचं तर कलम ६ आणि ७ च्या अटी पाळाव्यात, म्हणजे जादा तासांना किमान सव्वापट दर आणि त्याचा अहवाल. बाकी कन्व्हेन्शन हिंदुस्थानला लागू नाही. तास आणखी कमी करण्याचा विचार पुढच्या एखाद्या परिषदेत व्हावा, असंही तिथेच लिहिलंय. भारताने १४ जुलै १९२१ ला अनुमोदन दिलं ते या मजकुराला. त्यामुळे १९२२ च्या कायद्यातले ६० तास हा भंग नव्हता, ती अंमलबजावणी होती.

हे कलम आलं कुठून? ज्यातून आयएलओ उभी राहिली त्या व्हर्सायच्या तहाच्या तेराव्या भागात, कलम ४०५ मध्ये, तशी सोय आधीच होती. हवामान, उद्योगांची अपुरी वाढ किंवा इतर विशेष परिस्थिती असलेल्या देशांचा मानकं ठरवताना योग्य विचार करावा, असं ते कलम सांगतं. वसाहतीच्या सरकारने आणि गिरणीमालकांनी याच दाराने सवलत मिळवली. माझ्या मते हे तत्त्व कागदावर समंजस दिसतं, पण "हवामान" हा शब्द कामगाराच्या पाठीवर किती तास लादायचे याचं कारण होऊ शकत नाही.

तरीही ६० तास म्हणजे काहीच नव्हतं, असं टिपणात लिहू नका. १९११ च्या कायद्यात फक्त कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा होती, म्हणजे सहा दिवसांचे ७२ तास. १९२२ मध्ये ती ११ तास दिवसाला आणि ६० तास आठवड्याला झाली, आणि कापड गिरण्यांपुरती राहिली नाही. मुलांचं किमान वय ९ वरून १२ वर गेलं, १२ ते १५ वयाच्या मुलांना ६ तास. हा वयाचा भाग कन्व्हेन्शन क्र. ५ मधून आला. तिथेही कलम ६ भारतासाठी वेगळं आहे, इतरांना १४ वर्षं आणि आपल्याला १२. मुंबईच्या गिरण्यांत मात्र १९२० च्या सुरुवातीच्या मोठ्या संपानंतर दहा तासांचा दिवस आलेलाच होता, म्हणजे इथले कामगार कायद्याच्या दोन वर्षं पुढे होते.

पुढची उतरंड अशी: १९३४ ला ५४ तास, १९४६ ला ४८. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ५१ ने ४८ तास कायम ठेवले आणि कलम ५४ ने दिवसाला ९. म्हणून पत्रकात आधार द्यायचा तो देशातल्या कायद्याचा द्या: १९४८ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये घेतलेली २०२० ची व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, आणि जादा कामाच्या दुप्पट दराची तरतूद. क्र. १ पुढे केलात तर समोरचा वकील कलम १० काढून दाखवेल आणि चर्चा तिथेच संपेल.

बर्नचा_टपाली

बर्लिन आणि बर्न एका दमात घेतात, पण दोन्हींची जात वेगळी आहे.

बर्लिन, मार्च १८९०. स्वित्झर्लंडने बर्नला परिषद बोलवायचं ठरवलं होतं. कैसर दुसऱ्या विल्हेल्मने ती बर्लिनला ओढून घेतली. ठराव चांगले झाले: रविवारची सुट्टी, मुलांना किमान १२ वर्षं (दक्षिणेकडच्या देशांना १०), स्त्रियांना रात्रीचं काम नाही, बाळंतपणानंतर चार आठवडे काम नाही. पण सगळं "इष्ट आहे" या भाषेत. सह्या करून कुणी बांधील झालं नाही, तपासणारं कुणी नव्हतं. उष्ण देशांना सवलत देण्याची सवय इथूनच दिसते, हे दप्तरदारांच्या मुद्द्याला जोडून घ्या.

बर्न, १९०५ आणि १९०६. इथे पद्धत बदलली. १९०० साली पॅरिसमध्ये कामगार कायद्यांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिचं कार्यालय बाझेलला आलं. तिने निरनिराळ्या देशांचे कायदे गोळा केले आणि मुद्दाम दोनच विषय निवडले. १९०५ ला तज्ज्ञांची बैठक मसुद्यासाठी, १९०६ ला राजदूतांची सह्यांसाठी. आधी तांत्रिक मसुदा, मग राजनैतिक सही, हा क्रमच पुढे उपयोगी पडला.

एक करार काड्यापेट्यांतल्या पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीचा. त्याच्या वाफेने कारखान्यातल्या मुली-बायांच्या जबड्याचं हाड सडत असे. किडलेल्या दातातून विष आत शिरे आणि शेवटी जबडा काढावा लागे. बंदी शक्य झाली, कारण पर्याय हाताशी होता: फ्रान्समध्ये १८९८ पासून फॉस्फरस सेस्क्विसल्फाइडच्या काड्या बनत होत्या. पण पांढऱ्या फॉस्फरसची काडी स्वस्त पडे आणि कुठेही घासली तरी पेटे. एकट्या देशाने बंदी घातली तर बाजार शेजाऱ्याकडे जाणार, म्हणून करार हवा होता. सुरुवातीला सातच देशांनी सह्या केल्या. ब्रिटन बाहेर राहिला आणि १९०८ ला कायदा करून आत आला. अमेरिकेने १९१२ मध्ये अशा काड्यांवर इतका जबर कर बसवला की धंदाच बसला. आपल्याकडे १९१३ चा बंदी कायदा त्याच साखळीतला.

दुसरा करार स्त्रियांच्या रात्रपाळीवर बंदीचा: सलग ११ तासांची विश्रांती, आणि त्यात रात्री १० ते पहाटे ५ हा काळ आलाच पाहिजे. आता १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं कलम ६६ काढा. २०२५ पर्यंत अमलात असलेल्या या कलमात राज्य सरकारला वेळेत बदल करता येई, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळात स्त्रियांना काम देण्याची परवानगी देता येत नसे. बर्नमध्ये ठरलेले तेच सात तास वॉशिंग्टनच्या कन्व्हेन्शन क्र. ४ मधून आपल्या कायद्यात उतरले.

१९१३ ला बर्नमध्ये आणखी दोन मसुदे तयार झाले होते. सह्यांची परिषद सप्टेंबर १९१४ ला व्हायची होती; युद्धाने ती बुडवली.

श्रमाभ्यास

दोघांचेही आभार. कलम ६६ चा धागा माहीतच नव्हता. वॉशिंग्टनला भारताच्या वतीने कामगारांकडून कोण होतं, आणि त्यांना कुणी निवडलं?

डिलाईलरोड

नारायण मल्हार जोशी. जन्म कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा, भारत सेवक समाजाचे सदस्य, १९११ पासून मुंबईत सोशल सर्व्हिस लीगचं काम. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा.

प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक, आणि प्रत्येकाचं मत स्वतंत्र. भारताकडून सरकारचे लुई कर्शॉ आणि अतुल चटर्जी, मालकांचे कलकत्त्याचे अलेक्झांडर मरे, कामगारांचे जोशी. मद्रासचे कामगार पुढारी बी. पी. वाडिया सल्लागार म्हणून गेले होते.

व्हर्सायच्या तहाचं कलम ३८९ सांगतं की बिगरसरकारी प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने नेमावेत. तेव्हा आपल्याकडे अखिल भारतीय संघटनाच नव्हती, म्हणून सरकारने स्वतःच जोशींना नेमलं. माणूस उत्तम होता, पण नेमण्याचा अधिकार सरकारच्या हातात राहणं कामगार पुढाऱ्यांना मान्य नव्हतं. ३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटकची (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापना झाली, लाला लजपतराय अध्यक्ष. पुढच्या परिषदांसाठी जिनिव्हाला कोण जाणार हे आपण ठरवायचं, हे त्यामागचं एक थेट कारण होतं. आपल्या कामगार चळवळीला देशपातळीची संघटना मिळण्यात या तहाच्या एका कलमाचा एवढा वाटा आहे, आणि शाळा-कॉलेजांत तो कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

दप्तरदार

टिपणात कन्व्हेन्शन तयार होण्याची प्रक्रिया येणारच असेल तर थोडक्यात. आयएलओचं नियामक मंडळ विषय ठरवतं. कार्यालय देशोदेशीचे कायदे आणि प्रथा यांचा अहवाल व प्रश्नावली पाठवतं. साधारणपणे लागोपाठ दोन वर्षं परिषदेच्या त्रिपक्षीय समितीत चर्चा होते, मग अंतिम मतदान. हजर प्रतिनिधींच्या मतांपैकी दोन-तृतीयांश हवीत. १९२० ला जिनोआच्या परिषदेत खलाशांच्या कामाच्या तासांचं कन्व्हेन्शन एका मताच्या आतल्या फरकाने पडलं, इतकी ही अट कडक आहे.

मंजुरीनंतर सरकारने ते १२ महिन्यांत, फार तर १८, आपल्या कायदेमंडळापुढे ठेवायचं असतं. इथेच गल्लत होते: पुढे ठेवणं बंधनकारक, अनुमोदन ऐच्छिक. अनुमोदनानंतरच बांधिलकी आणि नियमित अहवाल सुरू होतात. ते अहवाल १९२६ पासून तज्ज्ञ समिती तपासते. परिषद शिफारशीही करते, त्या फक्त मार्गदर्शक असतात; शिफारशीला अनुमोदन नसतंच. भारतात कन्व्हेन्शन आपोआप कायदा होत नाही. आधी देशातला कायदा जुळवायचा आणि मग अनुमोदन द्यायचं, ही सरकारची रीत आहे. बालमजुरीची १३८ आणि १८२ क्रमांकाची कन्व्हेन्शन्स म्हणूनच २०१७ पर्यंत रखडली. संघटना-स्वातंत्र्याचं ८७ आणि सामूहिक सौद्याचं ९८ अजून बाकी आहेत, आणि माझ्या मते खरी ओरड त्यांच्यासाठी व्हायला हवी.

बर्नचा_टपाली

एक भर. क्रमांक उद्धृत करण्याआधी नॉर्मलेक्सवर (आयएलओचा ऑनलाइन माहितीकोश) तीन गोष्टी पाहा: भारताच्या अनुमोदनाची तारीख, कन्व्हेन्शन अजून अमलात आहे का, आणि मजकुरात देशाच्या नावाचं वेगळं कलम आहे का. रात्रपाळीचं क्र. ४ भारताने १९२१ ला स्वीकारलं होतं, पण २०१७ च्या परिषदेने ते रद्दच केलं. तरी लेखांत ते चालू असल्यासारखं येतं. स्त्रियांच्या रात्रपाळीसाठी आधार घ्यायचा तो क्र. ८९ चा आणि त्याच्या १९९० च्या प्रोटोकॉलचा (पुरवणी कराराचा). हे दोन्ही भारताने स्वीकारले आहेत, आणि रात्रीच्या बंदीत अटींसह सूट देण्याची वाट त्या प्रोटोकॉलमध्ये आहे. स्त्री-पुरुष दोघांच्या रात्रपाळीचं क्र. १७१ वेगळं आहे, त्याची सरमिसळ करू नका.