मदत हवी आहे: सिडनीत शाकाहारी आईबाबांना जेवायला कुठे न्यावं?

आईबाबा पुढच्या महिन्यात येताहेत, त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. एक जेवण तरी झकास करायचं आहे. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. हॅरिस पार्क (भारतीय हॉटेलांचं उपनगर) कृपया सुचवू नका, तिथे आम्ही एरवी जातोच.

मनात ऑपेरा हाऊसमधलं बेनेलाँग रेस्टॉरंट आहे, बाबांना ती इमारत आतून बघायचीच आहे. पण तिथला प्रसिद्ध गोड पदार्थ, पावलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचाच गोळा! तेवढ्यासाठी जायचं तर गंमतच गेली. दुसरा पर्याय पॉट्स पॉइंट भागातलं यलो रेस्टॉरंट. ते पूर्ण व्हीगन (दूध-अंडंही नाही), म्हणजे अंड्याची काळजी मिटली. पण ठरलेला मेन्यू, एकामागून एक छोट्या बश्या. आई 'पोट कधी भरणार?' विचारेल अशी धास्ती आहे.

बेनेलाँगला ईमेल केलाय, अजून उत्तर नाही. माणशी दोनशे डॉलरपर्यंत चालेल. रविवारी जादा आकार लावतात बऱ्याच ठिकाणी, म्हणून मधलाच वार बघतोय. बाबांचे गुडघे दुखतात, फार पायऱ्या नकोत.

बेनेलाँगमध्ये आधी सांगितलं तर बिनअंड्याचं, गोडासकट पूर्ण जेवण खरंच देतात का? आणि यलोला वरणभातवाल्या आईवडिलांना कुणी नेलंय का, पोट भरलं का त्यांचं?