अमेरिकेत ३४ राज्यांच्या मागणीवर घटना परिषद: आजवर एकही का नाही?

बर्डीकर: हिवाळी अधिवेशन आलं की वेगळ्या विदर्भ राज्याच्या ठरावाची चर्चा निघतेच. त्यात एकानं अमेरिकेचा दाखला दिला: ५० पैकी ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागितलं की घटनादुरुस्तीसाठी परिषद बोलवावीच लागते. मग १७८७ नंतर एकही का भरली नाही? आणि आपल्या विधिमंडळाला असा अधिकार आहे का?

कलमबहाद्दर: घोडं मोजणीत अडतं. तिथलं कलम ५ एका लांबलचक वाक्यात आटोपलंय. मागणी किती वर्षं जिवंत राहते, मागे घेता येते का, वेगवेगळ्या विषयांवरच्या मागण्या एकत्र धरायच्या का, यावर त्यात अक्षर नाही.

रीत सोपी आहे. राज्याची दोन्ही सभागृहं एकच मसुदा मंजूर करतात (नेब्रास्काला सभागृहच एक) आणि प्रत संसदेकडे जाते. राज्यपालाची सही लागत नाही, असंच बहुतेक जाणकार मानतात. समतोल अर्थसंकल्पाच्या दुरुस्तीसाठी १९८३ पर्यंत ३२ राज्यं झाली होती, दोनच कमी. मग १९८८ पासून अलाबामा, फ्लोरिडा, लुईझियाना यांनी ठराव मागे घेतले आणि गाडी उलटी फिरली. केंद्राचे अधिकार आणि खर्च आवरा, पदाची मुदत ठरवा, ही मागणी वेगळी. तिला २०२२ पर्यंत १९ राज्यं मिळाली. या दोन्हींची बेरीज कोणी करू पाहील तर भांडण अटळ.

धरमपेठी: बेरजेपेक्षा धास्ती मोठी. १७८७ ला फिलाडेल्फियात मंडळी राज्यांमधल्या जुन्या करारनाम्यात दुरुस्ती करायला जमली अन् अख्खी नवी घटना लिहून उठली. परिषद एकदा बसली की तिला एकाच विषयाला बांधणार कोण? मत राज्यागणिक एक की लोकसंख्येप्रमाणे, तेही लिहिलेलं नाही. म्हणून डावे आणि काही कडवे उजवेही विरोधात. मला ही भीती जरा फुगवलेली वाटते. परिषद नुसता प्रस्ताव देणार, मंजुरीला ३८ राज्यं लागतातच. म्हणजे १३ राज्यं गप्प बसली तरी विषय संपला.

धाक मात्र चालतो. सिनेटर थेट लोकांनी निवडावेत म्हणून राज्यांनी परिषदेचा धोशा लावला, तेव्हा १९१२ ला संसदेनं स्वतःच १७ वी दुरुस्ती मांडली.

कलमबहाद्दर: आता आपलं. कलम ३६८ प्रमाणे सुरुवात फक्त संसदेत. राज्यं नंतर येतात, तीही ठरावीक तरतुदींपुरती, आणि निम्म्यांची संमती पुरते. जीएसटीच्या वेळी २९ ऑगस्ट २०१६ ला आपल्या विधिमंडळानं हेच केलं.

विदर्भाचा मामला तर ३६८ मध्ये बसतच नाही. तो नवं राज्य करण्याच्या कलम ३ चा: संसदेत साधं बहुमत पुरतं. राष्ट्रपती विधेयक राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवतात, मुदतही तेच घालतात. जानेवारी २०१४ ला आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, तरी २ जूनला राज्य झालं.

बर्डीकर: म्हणजे मुंबईनं नकार दिला तरी अडत नाही, अन् होकार दिला तरी होईलच असं नाही?

कलमबहाद्दर: बरोबर. शिवाय मत घेतल्यावर संसदेनं विधेयक बदललं तरी पुन्हा विचारायची गरज नाही. १९५६ च्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई वेगवेगळे होते; संसदेनं त्याचं द्विभाषिक राज्य केलं. त्यावर बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य खटला झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते वैध ठरवलं.