स्किड स्टीअर लोडर सेल्फ घेत नाही, कधी कटकट आवाज तर कधी एकदम गप्प, बॅटरी नवीन आहे

वाघोली_आरएमसी:
नमस्कार मंडळी. वाघोलीला आमचा आरएमसी (रेडी मिक्स काँक्रीट) प्लांट आहे, यार्ड साफ करायला आणि सांडलेली खडी गोळा करायला एक स्किड स्टीअर आहे, डिझेल, 12 व्होल्टचं. पावसाळा लागल्यापासून स्टार्टिंगला फार त्रास देतंय. चावी मारली की कधी सेल्फमधून कट-कट-कट-कट आवाज येतो आणि इंजिन फिरतच नाही, कधी आवाजच नाही, एकदम गप्प, पण मीटरवरचे दिवे व्यवस्थित लागतात, हॉर्न जोरात वाजतो, आणि कधी पहिल्याच चावीला चालू होतं जसं काही झालंच नव्हतं. बॅटरी नवीन टाकली, सेल्फ खोलून कार्बन आणि बुश बदलले, तरी तेच. आता मेकॅनिक म्हणतोय इग्निशन स्विच बदलू, मग रिले, नाहीतर पूर्ण वायरिंग करू, म्हणजे खर्च कुठं थांबणार तेच कळत नाही.

ऑपरेटर मागचं दार उघडून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करतो. मला ते अजिबात पटत नाही पण काम अडलं की पोरं ऐकत नाहीत. धक्का मारून चालू होणारं मशीन नाही हे, हायड्रोस्टॅटिक आहे, म्हणजे चाकं गिअरने नाही, तेलाच्या दाबाने फिरतात. ट्रान्झिट मिक्सरच्या बॅटरीवरून जंपर लावला तर चालेल का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू, कोणी अनुभवी असेल तर सांगा प्लीज.

चाकण_साइट:
दादा आधी मिक्सरचं सांगतो, लावू नका! मोठ्या मिक्सरच्या गाडीला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, 24 व्होल्ट, तुमचं मशीन 12 चं. मीटर, कंट्रोलर, अल्टरनेटरचा रेग्युलेटर, काय काय जाईल सांगता येत नाही. जंपर लावायचाच तर 12 व्होल्टच्या पिकअपवरून किंवा सुट्ट्या बॅटरीवरून.

आणि ते स्क्रू ड्रायव्हरचं आजच बंद करा. खालून शॉर्ट केलं की सीट आणि बारचं (ऑपरेटरच्या पुढ्यात खाली ओढायचा सेफ्टी बार) इंटरलॉक, म्हणजे सेफ्टीचे स्विच, वगैरे सगळं बाजूला राहतं, सीटवर माणूस नाही, लिव्हर सरकलेला असेल किंवा बकेट वर असेल तर इंजिन लागल्या लागल्या मशीन हलू शकतं, आणि शॉर्ट करणारा माणूस नेमका चाकाजवळ वाकलेला असतो. जगात अशी माणसं गेलेली आहेत. चावी तुमच्या ताब्यात ठेवा पाहिजे तर, पण हे थांबवा.

भोसरी_ऑटोइलेक्ट्रिक:
भाऊ, अजून एकही पार्ट बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय ते एक नाही, दोन वेगळे फॉल्ट आहेत असं मला वाटतंय आणि दोन्ही एकत्र धरल्यामुळे मेकॅनिक गोंधळलाय.

कटकट आवाज म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला जाड केबलचा करंट जोडून देणारा स्विच) सप्लाय येतोय, सोलेनॉइड ओढतोय, पण मोटरने करंट मागितला की व्होल्टेज बसतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढतो, परत सुटतो. बॅटरी चांगली असेल तर जाड केबलच्या रस्त्यात कुठंतरी अडकतंय, प्लस नाहीतर अर्थ. एकदम गप्प म्हणजे सोलेनॉइडच्या बारीक वायरला, 50 नंबरच्या टर्मिनलला, सप्लायच येत नाही. तो रस्ता चावी, रिले, फ्यूज आणि इंटरलॉकचे स्विच असा जातो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो याच्यावर जाऊ नका, त्यांना मोजकेच अँपिअर लागतात, केबलची दोन-चार तारं शाबूत असली तरी दिवा लागतो. सेल्फला शेकड्यात अँपिअर लागतात, 200 धरले आणि जोडात 0.01 ओहम जरी अडथळा आला तरी 2 व्होल्ट तिथंच गेले.

मल्टीमीटर घ्या, डीसी व्होल्टवर. बकेट जमिनीवर, ऑपरेटर सीटवर बसलेला, बार खाली, चावी त्यानेच मारायची, तुम्ही चाकांपासून आणि फॅनबेल्टपासून लांब. कटकट होत असताना एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर (थिंबलवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोस्टवरच) आणि दुसरं सेल्फच्या बॉडीवर. 0.2-0.3 व्होल्टच्या आत पाहिजे. मग प्लस पोस्ट ते सेल्फचा मोठा बोल्ट, 0.5 च्या आत. चावी न मारता मोजलं तर सगळीकडे शून्यच दिसेल आणि वायरिंग ओके आहे असं वाटेल, लोड असतानाच मोजायचं.

अजून एक विचारतो, हँड थ्रॉटलची केबल कधी गरम लागते का, किंवा तिचं आवरण वितळलंय का? आणि स्क्रू ड्रायव्हरने दर वेळी चालू होतं का?

वाघोली_आरएमसी:
तुम्ही केबलचं विचारलंत आणि मी उठून बघायलाच गेलो. थ्रॉटल केबलचं काळं आवरण इंजिनच्या बाजूला वितळून आतल्या वायरला चिकटलंय, आम्ही समजत होतो सायलेन्सरच्या उष्णतेने झालं असेल. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला गप्प असताना स्क्रू ड्रायव्हर लावला की लगेच चालू होतं, कटकट असताना त्यानेही होत नाही.

रीडिंग अशी आली. नुसती बॅटरी 12.7. कटकट होताना बॅटरीवर 11.9. प्लस पोस्ट ते सेल्फचा बोल्ट 0.3. मायनस पोस्ट ते सेल्फची बॉडी 3.4 व्होल्ट!! परत मोजलं, तेवढंच.

भोसरी_ऑटोइलेक्ट्रिक:
मग कटकटीचं उत्तर मिळालं तुम्हाला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, चेसिसशी त्याचा अर्थ जोडायला वेगळी पट्टी नाहीतर केबल असते. ती गेली की करंट मिळेल त्या रस्त्याने परत येतो, थ्रॉटल केबलमधून, होजच्या जाळीतून, म्हणून ती केबल भाजली. बॅटरी 11.9 च्या खाली बसली नाही यातच कळतं की तिच्यातून सेल्फला लागतो तेवढा करंट निघतच नव्हता.

खात्री करायची तर जाड जंपर केबलचं एक टोक थेट इंजिन ब्लॉकच्या मोकळ्या लोखंडाला पक्कं लावा, मग दुसरं बॅटरी मायनसला, आणि ऑपरेटरला सीटवरून चावी मारू द्या. दणक्यात फिरलं तर विषय संपला. मग पट्टी सोडवा, पण आधी बॅटरीचा मायनस काढा, आणि शेवटी तोच लावायचा. दोन्ही बोल्टखालचा रंग आणि गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. पट्टी हिरवी पडली असेल तर साफ करत बसू नका, नवीनच घ्या, नाना पेठेत मापाने बनवून देतात, बॅटरीच्या प्लस केबलइतकी तरी जाड, थिंबल मशीनने दाबलेलं. हातोडीने ठोकलेलं घेऊ नका. थ्रॉटल केबल पण बदला, ती अडकली तर रेस कमी होणार नाही.

गप्प राहतं त्याचं वेगळं बघायचं. स्क्रू ड्रायव्हरने लगेच चालू होतं म्हणजे सेल्फ आणि जाड केबल त्या वेळी काम करतायत. टेस्ट लॅम्प 50 ला लावून कॅबपर्यंत मागे मागे जा.

हडपसर_रेंटल:
आरएमसीवाल्यांचं एक दुखणं सगळीकडे सारखं आहे म्हणून लिहितोय. संध्याकाळी मशीनवर प्रेशरचं पाणी मारतात, कॅबमध्येसुद्धा. सिमेंटचं पाणी सीटखालच्या कपलरमध्ये शिरतं, वाळलं की पिनवर पांढरा थर धरतो. सीट स्विच आणि बारच्या स्विचचे कपलर उघडून बघा. काही मशीनमध्ये बारचा स्विच फक्त हायड्रॉलिक लॉक करतो, सेल्फला अडवत नाही, काहींमध्ये अडवतो, त्यामुळे आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम बघूनच काय ते ठरवा. आणि मेकॅनिक म्हणेल स्विच डायरेक्ट करून टाकू, तर करू देऊ नका. माणूस अर्धवट बाहेर असताना आर्म खाली येऊ नये म्हणून आहे तो.

वाघोली_आरएमसी:
जंपरने ब्लॉकला अर्थ दिला आणि पहिल्या चावीला लागलं. पट्टी चेसिसच्या बाजूला सिमेंटच्या थराखाली गाडली गेली होती, खरवडल्यावर अर्ध्या तारा हातात आल्या. नवीन टाकली, आता क्रँकिंगला बॅटरीवर 10.8 आणि अर्थला 0.15.

गप्प राहायचं मात्र आज परत एकदा झालं. 50 ला लॅम्प लागत नव्हता, रिलेचं 30 नंबर (बॅटरीचा सप्लाय) लाईव्ह होतं पण 86 वर (रिले ओढायला चावीकडून येणारा सप्लाय) काही नाही. सीटखालचा कपलर हलवला की लॅम्प लागतो, हात काढला की जातो. हडपसरवाले दादा म्हणाले तसाच पांढरा थर, एक पिन तर हिरवी. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतलाय, पण फीमेल पिन सैल वाटतेय. कपलर पूर्ण बदलू की नुसत्या पिना मिळतात?

भोसरी_ऑटोइलेक्ट्रिक:
पिना सुट्ट्या मिळतात, जुनी पिन सोबत न्या आणि मापाला लावूनच घ्या. पण बॉडीचं रबर सील कडक झालं असेल तर अख्खा कपलर सीलवाला टाका, तारा दोन-तीन इंच मागे कापून, तांबं काळं पडलेलं नसेल तिथून जोडा. आणि तिथं तोंड खाली येईल असा बांधा, म्हणजे पाणी साचणार नाही.