‘द बिग स्लीप’मधला गुंता

‘द बिग स्लीप’ या हॉलिवूडच्या रहस्यपटाचे कथानक उलगडतच नाही, त्यामुळे त्याचा गौरव अवाजवी आहे, असे काहींचे म्हणणे आहे. हा आक्षेप चित्रपटाइतकाच जुना आहे; १९४६ साली तो प्रदर्शित झाला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे चित्रपट समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनीही तो घेतला होता. कथेतल्या शोफर ओवेन टेलरला कोणी मारले, हे तर मूळ कादंबरीकार रेमंड चँडलर यांनाही सांगता आले नव्हते. मात्र सारा दोष कादंबरीचा नाही. १९४५ साली तयार झालेल्या आणि परदेशातील अमेरिकी सैनिकांना दाखवलेल्या आवृत्तीत सरकारी वकिलाच्या कार्यालयातला, धागे जुळवून देणारा प्रसंग होता. पुढे नायिका लॉरेन बकॉल यांना अधिक वाव देण्यासाठी नवी दृश्ये चित्रित झाली आणि तो प्रसंग गळला. १९९७ मध्ये पुन्हा प्रकाशात आलेल्या त्या आवृत्तीत कथा अधिक स्पष्ट कळते, तरीही दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांचा अंतिम निर्णयच मला मनापासून पटतो. ऑर्किडच्या दमट काचघरात चाकांच्या खुर्चीत बसलेले जनरल स्टर्नवूड आठवून पाहा: स्वतःला ब्रँडी वर्ज्य असल्यामुळे ते घामाने निथळणाऱ्या खासगी गुप्तहेर मार्लोला, म्हणजे हम्फ्री बोगार्टला, ती पिताना डोळे भरून पाहतात. खुनी कोण, या प्रश्नापेक्षा ती नजर कितीतरी अधिक काळ मनात राहते.